थंडरबर्ड ३५०चा सायलेन्सर सडलाय: कंपनीचाच घेऊ की मेगाफोन?

घाटवेडा

मंडळी, गाडी रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, मॉडेल २०१३चं, कार्ब्युरेटरवाली. सायलेन्सर खालच्या शिवणीवर सडलाय. अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत जातो आणि तांबडा भुगा हाताला लागतो. मागच्या पावसाळ्यात गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून ठिगळ मारून घेतलं होतं. ठिगळ शाबूत आहे, त्याच्या शेजारी नवं भोक पडलंय. म्हणजे आता बदलायचाच.

दुसरी तक्रार अशी की घाट उतरताना थ्रॉटल सोडला की फट् फट् आवाज येतो. आधी कधी येत नव्हता.

गॅरेजवाला म्हणतो, "बेंड पाइपपासून (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप) सगळं काढून टाकू, मेगाफोन बसवू, पिकअप पण वाढेल." मित्र म्हणतो शॉर्ट बॉटल घे. दोन्ही बाहेरचे, मोकळे, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर. घरून निरोप आहे की आवाज वाढला तर गाडी सोसायटीच्या बाहेर लावायची आणि आपणही तिथेच झोपायचं.

पिकअप खरंच वाढतो का? सायलेन्सरबरोबर बेंड पाइपही बदलावा लागतो का? आणि हे काम घरी जमण्यासारखं आहे का? सॉकेट सेट आहे, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) मित्राकडून मिळेल.

पेठकर

बुलेट, सायलेन्सर आणि आवाज. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मिस्त्री_नाना

आधी खरेदी नको, आधी बघणी करा. इंजिन पूर्ण गार असताना बेंड पाइप हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) जिथे दोन नटांवर बसतो तिथे बॅटरी मारून बघा. काळी काजळी पसरलेली दिसली तर गॅसकेट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) गेलंय. मग गाडी उघड्यावर चालू करा, पाइप तापायच्या आत जाड हातमोजा घालून सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबा. जिथून 'फुस्स' येईल तिथे गळती. बंद शेडमध्ये हा उद्योग करू नका, धूर जिवाला वाईट.

तुमचं फट् फट् बहुतेक तिथूनच आहे. एग्झॉस्टमध्ये गॅस एकसारखा वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर पाइपात ओढ तयार होते. हेडजवळ फट असली तर त्या ओढीने बाहेरची हवा आत येते. घाट उतरताना थ्रॉटल बंद, इंजिनात पेट्रोल अर्धवट जळतंय, ते न जळलेलं पाइपात येतं, तिथे तापलेली भिंत आणि ताजी हवा तयारच असते. पेटतं की वो. लोक त्याला 'फटाके' म्हणून कौतुकाने मिरवतात. आमच्याकडे त्याला गॅसकेट म्हणतात.

घाटवेडा

नाना, बरोब्बर. हेडच्या खालच्या बाजूला बोटभर रुंद काजळीचा पट्टा आहे. पाइपाला हात लावून हलवलं तर किंचित हलतोय पण. म्हणजे गॅसकेट धरून चालतो. पिकअपचं काय?

शॉर्ट_बॉटल

पिकअप वाढतोच भावा. माझ्या क्लासिकला लावलाय, फरक लगेच कळतो. कंपनी सायलेन्सर आतून गच्च भरून ठेवते, इंजिनाला श्वासच घेता येत नाही.

लेथ_ते_कॅड

'फरक कळतो' हे कानाने कळतं की घड्याळाने? टॉप गिअरमध्ये ४० ते ८० जायला आधी किती वेळ आणि नंतर किती, एवढं मोजून इथे टाका. आवाज दुप्पट झाला की कुठलीही गाडी जोरात वाटते.

आता मुद्द्याचं. 'एग्झॉस्टला बॅक प्रेशर (धुराच्या वाटेत अडथळा) लागतं' हे एक टोक आणि 'जितकं मोकळं तितकं चांगलं' हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत. अडथळा इंजिनाला कधीच नको असतो, त्याला हवी असते ओढ. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून निघते, तापलेल्या गॅसमध्ये साधारण सेकंदाला ५०० मीटरने. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा संपतो तिथून ती उलटी होऊन परत येते, पण आता कमी दाबाची लाट म्हणून. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या क्षणाला ती हेडपाशी पोचली तर उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि ताजं मिश्रण आत ओढून घेते. उशिरा किंवा लवकर पोचली तर उलटं काम करते. ती कधी पोचणार हे मुख्यतः पाइपाची लांबी ठरवते.

थंडरबर्डचं इंजिन म्हणजे ७० मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४६ सीसी, टॉर्क २८ न्यूटन मीटर तोही ४००० आरपीएमला. खालच्या आरपीएमवर ओढायला बनवलेली गाडी. तिला आखूड आणि मोकळा डबा लावला की सगळ्यात आधी जातो तो खालचा जोर, म्हणजे घाटात तिसऱ्या गिअरवर जो लागतो तोच. वर ५००० आरपीएमला काही मिळालं तरी तिथे तुम्ही गाडी चालवता कधी?

शिवाय सायलेन्सर मोकळा केला की मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कार्ब्युरेटरला हे आपोआप कळत नाही. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) बदला, एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण लावणारा) लावा, मग स्पार्क प्लग काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर बरोबर, पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी, काळंकुट्ट म्हणजे जास्त. तुमच्या गॅरेजवाल्याने मेगाफोनबरोबर जेटचा उल्लेख केला का? नसेल केला तर उत्तर मिळालं.

शॉर्ट_बॉटल

बरं, मोजून टाकतो. पण गाडी चालवण्यात मजा पण असते राव, सगळं घड्याळावर नसतं. त्या डुगडुगीसाठीच तर ही गाडी घेतो माणूस.

लेथ_ते_कॅड

त्यात वाद नाहीच. पण ती डुगडुग सायलेन्सर बनवत नाही, लांब स्ट्रोकचं एकच सिलिंडर बनवतं. १००० आरपीएमच्या आयडलला दर दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला आठेक ठोके. ते सुटे सुटे ऐकू येतात म्हणून कानाला गोड. मोकळ्या डब्यातून तेच ठोके येतात, फक्त वरची कर्कश पट्टी न गाळता. तुम्हाला ताल हवाय आणि तुम्ही विकत घेताय गोंगाट. (हलकं घ्या.)

झोपमोड

मी गाडी चालवत नाही. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि खिडकी रस्त्याकडे आहे. रोज रात्री साडेबाराला एक महाशय 'ताल' घेऊन जातात. सहा महिन्यांचं बाळ दचकून उठतं, मग पहाटेपर्यंत आमची ड्युटी. एवढंच सांगायचं होतं. घाटवेडा, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

डॉ_कर्णपिशाच्च

नागपूरकर, पेशाने कानाचा डॉक्टर, त्यामुळे बोलणं भाग आहे.

डेसिबल हे साध्या बेरजेचं माप नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, १० वाढले की दहापट, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या जागी सुरक्षित मानलेली मर्यादा आहे. तिथून पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करत जा. ९४ ला एकच तास उरतो. हायवेवर हेल्मेटमधला नुसता वाराच त्याच्या आसपास असतो, त्यावर हा डबा. कानात शिट्टी वाजते म्हणून तिशीतली पोरं येतात. बरेचदा गाडीचा विषय मलाच काढावा लागतो, त्यांच्या डोक्यात तो नसतोच बे.

ज्यांना लांब जायचंय त्यांनी फोमचे इअरप्लग वापरा. स्वस्त आहेत आणि हॉर्न त्यातूनही ऐकू येतो.

शॉर्ट_बॉटल

पण आवाजामुळे ट्रकवाल्याला आपण कळतो, हा मुद्दा आहेच ना? जीव वाचतो.

जर्सीचा_जावई

इकडे अमेरिकेत हा वाद घराघरात आहे. माझ्याकडे हार्लेची स्पोर्टस्टर आहे. पाइपाचं तोंड मागे असतं, आवाज मागे फेकला जातो, आणि दुचाकीला धोका बहुतेक वेळा पुढून आणि बाजूने असतो, विशेषतः चौकात वळणाऱ्या गाडीचा. समोरचा काच वर करून गाणी लावून बसलेला असेल तर तुम्ही शेजारून गेल्यावर त्याला कळणार. भडक जॅकेट आणि दिवसाही चालू हेडलाइट जास्त कामाचे.

हार्लेचा तो प्रसिद्ध आवाज पण पाइपाने येत नाही. ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे ठिणग्या ३१५ आणि ४०५ अंशांच्या असमान अंतराने पडतात. तीच ती अडखळत चालणारी लय. कंपनीने १९९४ मध्ये या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता आणि २०००मध्ये तो मागे घेतला.

इथे पाइप बदलणं ही रीतच आहे, पण नीट करणारे पाइपाबरोबर एअर क्लीनर आणि इंजिनचं ट्यूनिंग असं तिन्ही एकत्र करतात. त्यातही कॅलिफोर्नियात २०१३ पासूनच्या गाड्यांना आणि पाइपांना आवाजाच्या मर्यादेचा सरकारी शिक्का असणं बंधनकारक आहे. आमच्याकडे सगळं मोकळं रान असतं असं समजू नका.

कलम_बहाद्दर

आता आपल्याकडचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात यावरच बोट ठेवलं. आवाज आणि धुराच्या निकषांसाठी कलम १९०(२). २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरचाच आहे.

२०१३च्या १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला चालत्या गाडीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा होती. तुमचा मूळ सायलेन्सर ती चाचणी पास झालेल्या गाडीचा आहे, मेगाफोन नाही. दुकानदार 'आरटीओ अप्रूव्हड' म्हणून जे विकतो त्याचा कागद मागा, मग गंमत बघा.

आणखी एक. २०२८ला तुमच्या गाडीला १५ वर्षं होतील. फेरनोंदणीला आरटीओत गाडी दाखवावी लागेल, तेव्हा मूळ सायलेन्सर शोधत फिरण्यापेक्षा आत्ताच बसवा.

पेठकर

आणि पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात तो कार्यक्रम पुण्यात झालाय, नागपुरात झालाय. ओळीने मांडलेले शेकडो डबे, समोर साहेब, बाजूला फोटोग्राफर. इतक्या आफ्टरमार्केट डिझाइनचं प्रदर्शन एका जागी दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन, गोल्डस्टार, सगळे एकाच पातळीवर.

मंजिरी_मीटिऑर

थोडं विषयांतर. माझी मीटिऑर ३५० आहे, बीएस-६. शोरूमबाहेरच्या एकाने सांगितलं की फक्त मागचा डबा बदलला तर काही होत नाही, सेन्सर सांभाळून घेतो. खरं का?

लेथ_ते_कॅड

अर्धं. तुमच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे आणि शांतपणे एका वेगाने चालवताना ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) त्याचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करतो. पण जोरात थ्रॉटल पिळला की तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून आधी भरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता कंपनीच्या सायलेन्सरसाठी लिहिलेला आहे. म्हणजे ज्या क्षणी इंजिनावर जास्त ताण, नेमक्या त्याच क्षणी मदत नाही. वॉरंटी चालू असेल तर हात लावू नका. आणि कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाचं दुकान बदला. पीयूसीचा प्रश्न वेगळा, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. 'काढून देतो, मजुरी नको' म्हणणारा दानशूर का झाला ते यातून कळेल.

मंजिरी_मीटिऑर

हा हा, मजुरी नको हेच म्हणाला होता! धन्यवाद, वाचनखूण साठवली.

कोकणी_वारा

सडण्यावर कोणीच बोललं नाही. मी रत्नागिरीचा, इथे समुद्राच्या खाऱ्या हवेला लोक दोष देतात, पण सायलेन्सर सडतो तो जास्त करून आतून. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, वाफ होऊन बाहेर जातं. गाडी दूध आणि भाजीपुरती पाच मिनिटं चालवली की सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफ आतच थंड होऊन तळाला साचते, त्यात धुरातली आम्लं मिसळतात. म्हणून भोक कायम खालच्या शिवणीला पडतं. रोज लांब जाणाऱ्यांचे सायलेन्सर जास्त टिकतात, हे आमच्याकडे बस स्टँडवरच्या मेकॅनिकला पण माहीत आहे.

उपाय सोपा. नुसतं चालू करून अंगणात उभी करू नका. न्यायची तर वीस मिनिटं नीट तापेल अशी न्या. पाणी निघायला तळाला बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजू देऊ नका, आणि ते पाहून 'लीक आहे' म्हणत एम-सील तर अजिबात लावू नका. एम-सील त्या तापमानाला जळतंच.

मिस्त्री_नाना

वारा भाऊंशी सहमत. आता घाटवेड्यांनी घरी करायचं म्हटलंय तर नीट सांगतो, कारण हे काम सोपं आहे आणि एकाच जागी घात करतं. ती जागा म्हणजे हेडचे दोन स्टड, नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे.

बेंड पाइप ठीक असेल, आतून पोखरलेला नसेल, तर बदलायची गरज नाही. सायलेन्सर, क्लॅम्प आणि गॅसकेट, तिन्ही नवे घ्या. गॅसकेट दाबून बसणारं असतं, एकदा चेपलं की त्याचं काम संपलं, परत वापरायचं नाही. पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळं मिळेल, पण कंपनीचं पाकीट आणि पार्ट नंबर बघून घ्या. डुप्लिकेट सायलेन्सर बाहेरून हुबेहूब असतो, उचलून बघितला की हलका लागतो. आतल्या जाळ्या आणि पत्रे वाचवलेले असतात.

आदल्या रात्री स्टडच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी परत मारा. पान्याने एकदम सोडवायला जाऊ नका. आधी केसभर आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, परत आवळा, परत सोडा, असं गंजाला खेळवत आणा. नट सोडताना हाताला दोन वेगळ्या गोष्टी कळतात. 'कट्ट' करून सुटला तर गंज तुटला. पण पाना रबरासारखा मऊ फिरायला लागला तर थांबा, स्टड पिळला जातोय. तिथे जोर लावला की तो हेडच्या तोंडाशी तुटणार, आणि मग हेड ड्रिल करणं, नाहीतर तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून काढणं, म्हणजे पाचशेचं काम पाच हजारांवर. असा मऊ लागला तर गॅरेजात जाऊन नट तापवून घ्या. घरी टाकीत पेट्रोल असताना ज्योत पेटवू नका.

नवे नट पितळी मिळाले तर उत्तम. पितळ स्टीलच्या स्टडला चिकटून बसत नाही.

बसवताना सगळं आधी सैल अडकवायचं: हेडचे नट, क्लॅम्प, मागचा ब्रॅकेट. पाइपाला आपली जागा घेऊ द्या. मग हेडचे दोन नट आळीपाळीने, पाव-पाव फेरी, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंतच. त्यानंतर क्लॅम्प, सगळ्यात शेवटी ब्रॅकेट. बरेच पोरं ब्रॅकेट आधी आवळतात, मग पाइप हेडला तिरका बसतो, नट आवळून आवळून फ्लँज (पाइपाच्या तोंडाची कडी) वाकवतात आणि म्हणतात गॅसकेट खराब दिलं. मागचं भोक जुळत नसेल तर पाइप ओढून बोल्ट घुसवू नका, सायलेन्सर क्लॅम्पमध्ये फिरवून जुळवा.

चालू करायच्या आधी क्रोमवरचे हाताचे ठसे स्पिरिटने पुसा. तेलकट बोट तसंच भाजलं जातं आणि कायमचं उमटतं. गिऱ्हाइकाच्या नव्या पाइपावर माझ्या पोराच्या पाची बोटांचा नकाशा अजून आहे.

घाटवेडा

नाना, साष्टांग दंडवत! कंपनीचाच घ्यायचं ठरवलंय. घरच्यांना 'झोपमोड' यांचा नमस्कार पोचवला, त्यावरून आमच्याकडे वेगळंच महाभारत झालं. काम झालं की सांगतो.

शॉर्ट_बॉटल

४० ते ८० मोजलं. मित्राच्या कंपनी सायलेन्सरवाल्या क्लासिकशी, त्याच रस्त्यावर, आलटून पालटून. त्याची पुढे जातेय. दोन्ही गाड्यांची हालत वेगळी आहे त्यामुळे हे फायनल धरू नका. डबा तूर्तास काढत नाहीये.

लेथ_ते_कॅड

मोजलंत याबद्दल टोपी काढली. प्लग पण काढून बघा आता.

घाटवेडा

झालं एकदाचं! डावीकडचा नट 'कट्ट' करून निघाला. उजवीकडचा नेमका नाना म्हणाले तसा मऊ लागला, तिथेच थांबलो. गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली, त्यांनी तापवून दोन मिनिटांत काढून दिला, चहाच्या पैशात. बाकी सगळं घरी. जुनं गॅसकेट एका बाजूने जळून दोऱ्यासारखं उरलं होतं. जुन्या सायलेन्सरला उभा करून ठोकलं तर ओंजळभर गंजाचा चुरा पडला.

वरंधा घाट उतरून आलो, फट् फट् बंद. आयडलपण एकसारखा झालाय. दोन शंका आहेत. पहिल्यांदा चालू केल्यावर बेंड पाइपजवळून थोडा धूर आणि जळका वास आला, नंतर गेला. आणि हेडजवळ क्रोमला किंचित सोनेरी छटा आलीय. काळजीचं आहे का?

मिस्त्री_नाना

धूर म्हणजे तुम्ही मारलेलं गंजाचं तेल आणि नव्या सायलेन्सरवरचा राखणीचा थर. परत आला नाही ना, मग विषय संपला. सोनेरी छटा चालते, हेडजवळ पाइप तापतोच. निळा-जांभळा होऊन खाली पसरायला लागला तर मिश्रण पातळ आहे, तेव्हा एअर स्क्रू आणि प्लग बघा. आता गाडी तापून गार झालीय, तर उद्या सकाळी हेडचे नट एकदा टॉर्क रेंचने तपासा. नवं गॅसकेट पहिल्या तापानंतर बसतं, थोडा आटा सापडेल.

कोकणी_वारा

नाना, आमच्याकडे एक फॅब्रिकेटर स्टेनलेस ३०४ मध्ये सायलेन्सर करून देतो म्हणतो. सडायचा प्रश्नच मिटेल. काय मत?

मिस्त्री_नाना

बाहेरचा डबा कोणीपण गोल वाकवून देईल. त्याला विचारा, आतले कप्पे आणि भोकाचे पाइप मापात करून देणार का, जुना कापून समोर ठेवून. 'हो' म्हणाला तर त्याचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, माझ्याकडची पण चार गिऱ्हाइकं आहेत.